टेबल क्रमांक सात आणि विल्फ्रेडचा उजवा गुडघा

कॉर्मिये कोव्ह या किनाऱ्यावरच्या गावाच्या मॉस मेळाव्यात टेबल क्रमांक सात डेलिमा मावशींचं, ही गोष्ट एकेचाळीस वर्षं कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. तशी गरज कुणाला वाटली नव्हती. वादळ होऊन गेलं की किनाऱ्यावर मॉस येऊन पडतं. जांभळट, कुरळं, समुद्रातलं शेवाळ. मावशी ते गोळा करतात, उन्हात वाळवतात, दुधात उकळून थिजवतात आणि मेळाव्यात सात नंबरवर मांडतात. खरवसासारखा थरथरणारा हा पदार्थ गाव दरवर्षी खायचं आणि दरवर्षी थोडा कमी खायचं. गेल्या वर्षी तीन वाट्या संपल्या. त्यातल्या दोन मावशींनीच संपवल्या.

तेव्हा यंदा मावशींनी काळाबरोबर चालायचं ठरवलं. मॉस रात्रभर भिजवलं, शिजवलं, फडक्यातून गाळलं, त्यात रासबेरीचा रस आणि मध घातला आणि साच्यात ओतलं. झाल्या गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, तयार. साचे घोड्याच्या आकाराचे, कारण पूर्वी इथे घोडे छातीभर पाण्यात उतरून मॉसची दाताळी ओढायचे, आणि त्यांतला सगळ्यात हट्टी घोडा मावशींच्या नवऱ्याचा होता. नवरा गेला, घोडा गेला, टेबल राहिलं.

पण मेळावा समितीला यंदा शिस्तीचा झटका आला. ठराव झाला: खाद्यपदार्थाला प्रांताच्या कार्यालयाचा दाखला हवा, दाखला नाही तर टेबल नाही. सात नंबरवर डोळा ठेवून टोरांटोच्या ब्रिएल बाई बसल्याच होत्या. त्या 'सागरी चैतन्य' नावाची शेवाळाच्या अर्काची बरणी विकतात.

मावशींनी अर्ज भरला. पदार्थाचे नाव: मॉसच्या गमी. उपयोग: खायला.

अर्ज परत आला. शेरा होता: 'खाणे हा उपयोग नसून कृती आहे. उपयोग नमूद करावा.'

"लिही की, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून," शेजारच्या विल्फ्रेड गोदेने सुचवलं. जन्मभर मॉस ओढून त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

"कुणाच्या गुडघ्यांना?"

"माझ्या. काल चार घोडे खाल्ले, आज जिना चढलो."

"तुझ्या घरात जिना आहे कुठे, मेल्या?"

"तेच तर! दुसऱ्याचा चढलो."

मावशींनी लिहिलं, 'विल्फ्रेडच्या गुडघ्यांना बरं वाटतं.' आणि आठवड्याच्या आत निरीक्षक स्टॅव्हर्ट मॅडम स्वयंपाकघरात हजर.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे यादी होती एवढंच. "मॉस," त्यांनी यादीवर बोट फिरवलं, "ही जमिनीवर वाढणारी वनस्पती. गट: सजावट व कुंड्या."

"अहो, हे समुद्रातलं आहे."

"मग त्याला मॉस का म्हणता?"

"म्हणजे? माझी आई मॉस म्हणायची."

"आईंचं वनस्पतिशास्त्रात काही शिक्षण?"

"आईला नऊ मुलं होती."

मॅडमनी तशी नोंद केली. मग एक गमी चिमट्याने उचलून उजेडात धरली. "आकार घोड्याचा आहे. आत घोड्याचं काही?"

"नाही हो!"

"तसं लेखी द्या."

मावशींनी लिहून दिलं: 'घोडा नाही.' खाली सही केली. नवऱ्याच्या घोड्याची आठवण होऊन त्यांचे डोळे भरून आले, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

"आता गुडघे," मॅडम म्हणाल्या. "बरं वाटत असेल तर हे औषध, आणि औषधाची चाचणी लागते. वाटत नसेल तर ही खोटी जाहिरात."

"आणि आपल्याला माहीतच नसेल तर?"

"तर निष्काळजीपणा."

चाचणी घ्यायची ठरली. नियम असा की दोन गट हवेत: वय सारखं, आहार सारखा, काम सारखं. एकाला गमी द्यायची, दुसऱ्याला नाही. गावात अशी जोडी शोधता शोधता मॅडमची नजर विल्फ्रेडवर गेली. त्याचे दोन गुडघे. वय सारखं, आहार सारखा, काम तर तंतोतंत सारखं. वहीत नोंद झाली: डावा गुडघा, गमी. उजवा गुडघा, तुलनेसाठी, काही नाही.

"पण खाल्लेलं डावीकडेच जाईल कसं?" विल्फ्रेडने विचारलं.

"खाताना डावीकडे झुका."

पंधरा दिवस विल्फ्रेड डावीकडे झुकून गमी खात होता. पुढे सवयच लागली; चालतानाही तो तसाच, वाऱ्याने कललेल्या कुंपणासारखा. सगळा भार डाव्यावर गेला आणि उजव्याला जन्मात पहिल्यांदा विश्रांती मिळाली. अहवाल आला: 'गमी न दिलेल्या गुडघ्यात लक्षणीय सुधारणा. सबब, सदर गमी न खाणे आरोग्यास हितकारक असल्याचे दिसते.'

मावशींनी अहवाल दोनदा वाचला. "म्हणजे टेबल गेलं?"

मॅडम बराच वेळ यादी चाळत बसल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "मॉस आमच्याकडे सजावटीत येतं ना? मग खाण्याचं म्हणूच नका. शोभेचं म्हणा. शोभेला उपयोग लागत नाही."

"एकेचाळीस वर्षं मी लोकांना खा म्हणत आले. आता खाऊ नका म्हणून बसू?"

"टेबल हवंय ना, मावशी?"

मेळाव्याच्या सकाळी सात नंबरवर कार्यालयाने मंजूर केलेला फलक लागला: 'मॉसचे घोडे. शोभेची वस्तू. खाऊ नये. गुडघ्यांबाबत विचारू नये.'

शेवटच्या ओळीने सगळं केलं.

"गुडघ्यांबाबत विचारू नये म्हणजे गुडघ्यांवरच असणार," टेबलाशी आलेला पहिला म्हणाला.

"आणि खाऊ नये का म्हणतायत? गुण येत असेल म्हणून!" दुसरी म्हणाली. "वरून दाबतायत सगळं."

एकेचाळीस वर्षांत ज्यांनी मावशींच्या वाटीकडे ढुंकून पाहिलं नाही, ते रांगेत कोपराने ढोसत होते. बाजूच्या आठ नंबरवर ब्रिएल बाईंची बरणी. तिच्यावर मोठ्या अक्षरात 'ब्याण्णव खनिजे' आणि मुंगीएवढ्या अक्षरात 'यातल्या कशाचीही खात्री नाही'. तिला दाखला पहिल्या दिवशीच मिळाला होता, कारण खात्री नसल्याची खात्री बाईंनी लेखी दिली होती. पण त्या दिवशी ती बरणी कुणी उघडली नाही. शेवटी बाई स्वतःच रांगेत उभ्या राहिल्या.

त्यांच्या मागे स्टॅव्हर्ट मॅडम. काळा चष्मा लावून.

"आईसाठी हव्यात," त्या कुजबुजल्या. "थायरॉइडला चालतात का?"

"यात आयोडीन असतं, बाई. कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास. डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर काय सांगणार? तुम्ही सांगा ना."

मावशींनी बोट दाखवलं. मॅडमनी स्वतःच मंजूर केलेला फलक वाचला, मान डोलावली आणि दहा घोडे पर्समध्ये घातले.

दहा वाजता टेबल रिकामं. लोकांनी घोडे कागदी रुमालात गुंडाळले, खिशात जपून ठेवले. काहींनी तिथेच पाण्याच्या घोटाबरोबर न चावता गिळले आणि डोळे मिटून गुडघ्यात काही होतंय का याची वाट पाहत उभे राहिले. समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की टेबल क्रमांक सात यापुढे कायमचं डेलिमा मावशींचं. टाळ्या झाल्या.

मावशी खुर्चीत बसून होत्या. विल्फ्रेड आला, डावीकडे कललेला.

"विल्फ्रेड, तू तर सगळ्यात जास्त खाल्ल्यास. चव कशी होती रे?"

"चव?" तो म्हणाला. "चाचणीत नव्हती ती."

मावशींनी साच्यातून एक मोडका घोडा काढला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. दुसऱ्या कुणासाठी त्यांनी तो ठेवला नव्हता.

ही हकिगत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. पाणी किती, मॉस किती, उपाशीपोटी घ्यायची की जेवणानंतर, सगळ्यांनी विचारलं. चव कशी लागते हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आणि तुम्ही? शेवाळाची गोष्ट इथपर्यंत वाचलीत, ती काही मावशींच्या टेबलासाठी नाही. उगाच संकोच करू नका. उजवा गुडघा की डावा, तेवढं सांगा.