मल्लय्याअण्णांची झोप

आमच्या शेजारचे मल्लय्याअण्णा आठवड्यातून दोनदा एसटीने मैंदर्गीला जातात. तिथे त्यांचं शेत नाही, सोयरा नाही, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. मागच्या चाकावरची सीट धरायची, सोलापूर सुटलं की मान टाकायची, मैंदर्गीत कंडक्टरने हलवलं की उतरून एक चहा घ्यायचा आणि त्याच गाडीने घोरत परत यायचं. एकदा न राहवून मी विचारलं, "अण्णा, मैंदर्गीत काम काय असतं हो?"

"काम कसलं सर? झोपाया जातो की!"

अण्णांचा जन्म यंत्रमागावर गेला. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे स्वतःचे टॉवेलचे माग होते. त्या खडखडाटातच ते जेवले, भांडले आणि पाठ टेकायला मिळाली की तिथेच झोपले. मग धंदा बसला, माग भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर अण्णांची झोपही गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "गोळी गप बसवती, झोपवत न्हाय," असा निकाल देऊन अण्णांनी त्या बंद केल्या. मग उशाशी मिक्सर रिकामा फिरवून पाहिला. मिक्सर जळला आणि सून दोन दिवस बोलली नाही. शेवटी एसटी सापडली. पण हल्ली विजेवरच्या गाड्या आल्यात, त्यांवर अण्णांचा भारी राग. "गाडी हाय का मयत? आवाज पायजे की!"

मला हसू येतं, पण आत कुठेतरी टोचतंही. मी मास्तर माणूस, शांततेचा भोक्ता. वीस वर्षं मी त्या मागांच्या नावाने बोटं मोडली, दोनदा तर लेखी तक्रारही केली. शेड रिकामी झाली त्या दिवशी बायकोला म्हणालो होतो, "सुटलो एकदाचे!" हे अण्णांना माहीत नसावं, असं मी धरून चाललो आहे.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींची कर्नाटकाची सहल ठरली, तेव्हा अण्णांना मीच गळ घातली. यादीत म्हैसूरच्या पलीकडचा एक मोठा तिबेटी बौद्ध मठ होता. "तिथे मनाला फार शांती मिळते म्हणे," मी म्हणालो.

"शांती घिऊन काय करू सर? घरी लई पडलीय."

आले मात्र. मठ म्हणजे गावच होतं. तांबड्या वस्त्रांतल्या भिक्षूंची ये-जा, रंगीत पताका, आणि मधोमध एक प्रचंड प्रार्थनागृह. आत तीन सोनेरी मूर्ती, त्यांच्याकडे बघताना टोपी पडेल इतक्या उंच. पाहुण्यांसाठी मागच्या भिंतीला सतरंजी होती. अण्णा तिथे पाय पसरून बसले आणि घड्याळाकडे बघू लागले.

प्रार्थना सुरू झाली. शेकडो गळ्यांतून एकच खर्जातला सूर निघाला. त्यात ढोल मिसळले, झांजा आल्या, मग माणसाहून लांब कर्णे असे गरजले की माझ्या बुडाखालची फरशी थरथरली. मी कानांवर हात ठेवले. अण्णांनी मात्र मान तिरकी करून क्षणभर ऐकलं, भिंतीला डोकं टेकलं आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना कोपराने ढोसणार, एवढ्यात चहाची किटली घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या भिक्षूने मला हातानेच थांबवलं.

चहा वाटायला सगळे थांबले. एकदम सामसूम. अण्णा दचकून उठले आणि त्या शांततेत आपल्या घरच्या तेलुगूत ओरडले, "नरसम्मा! ए मग्गं आगिंदे?"

कुठला माग थांबला गं?

नरसम्मा म्हणजे त्यांची बायको. अण्णा मागांमध्ये डुलकी काढायचे तेव्हा ती पलीकडे सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. धागा तुटला की माग थांबतो, आणि आवाज थांबला की विणकराला जाग येते. मग ती बसल्या जागेवरून सांगायची, अमुक थांबलाय, नाहीतर सगळे चालू आहेत, झोपा. तिला जाऊन चार वर्षं झाली.

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, ओशाळले आणि तोंडावरून हात फिरवला. मग त्या भिक्षूला दोन बोटं दाखवत म्हणाले, "दुसरी पाळी हाय का हितं?" भिक्षूला काय कळलं कोण जाणे, त्यानेही हसून दोन बोटं दाखवली.

मंडळी राजवाडा बघायला म्हैसूरला निघाली. मी गुडघ्याचं निमित्त सांगून अण्णांबरोबर मागे राहिलो. दोन वाजता आम्ही दोघं पुन्हा त्याच भिंतीला टेकून बसलो. मी मुद्दाम कर्ण्यांच्या बाजूची जागा धरली. अण्णा लगेच झोपले. तासभर इतके गाढ झोपले की तोंड उघडं पडलं, आणि वीस वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या दिल्या, तो बंद पडू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो.

पण चहा आलाच. ढोल थांबले, कर्णे खाली ठेवले गेले. अण्णांच्या पापण्या हलल्या, ओठ हलले, "नरसम्मा..."

अण्णांना हळू सांगून ऐकू येत नाही. मी त्या भरल्या प्रार्थनागृहात, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "सगळे चालू आहेत! झोपा!"

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघत होतं. अण्णांनी मान परत भिंतीला टेकली होती.