दोन फ्लॉप्या आणि एक नारळ

"माणसांना विचारूच नका अण्णा, माणूस भिडेखातर काहीही सांगतो! मी थेट कॉम्प्युटरलाच विचारतो!" तुषारने दूध संघाचे चेअरमन कोंडीराम अण्णा यांना छातीठोकपणे सांगितलं. खरं तर तेव्हाच कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. संगमनेरजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर तुषारने स्वतः लिहिलेलं नोंदीचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते पसंत पडलं तर उरलेली अकरा केंद्रं त्यालाच मिळणार होती, आणि या भरवशावर गडी पुण्याची नोकरी सोडून आला होता! लोक सॉफ्टवेअर कसं वापरतात ते कळावं म्हणून त्याने दोन फ्लॉप्या आणल्या. एकीतला प्रोग्राम कुठलं बटण किती वेळा दाबलं ते मोजायचा, दुसरीतला कुठली स्क्रीन किती वेळ उघडी राहिली ते. आठवडाभर दोन्ही चालवायचे आणि जो जास्त कामाचा ठरेल तो ठेवायचा. एवढं करून स्वारी दसऱ्याला घरी कोपरगावला गेली.

परत येऊन आकडे बघतो तर काय! पहिला म्हणत होता, कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं मदतीचं बटण एक लाख अडतीस हजार वेळा दाबलं. दुसरा म्हणत होता, मदतीची स्क्रीन सव्वीस तास उघडी. दोघांचं एकमत! तुषार हरखूनच गेला. चार दिवस खपून त्याने मदतीची आणखी साठ पानं लिहिली आणि संचालकांच्या बैठकीत भिंतीवर तक्ते लावले.

"लाखभर येळा मदत मागावी लागतीया?" संचालक सहादेव तात्या म्हणाले. "मंग लई अवघड हाय ह्ये! आपली वहीच बरी!"

हे तुषारच्या डोक्यातच आलं नव्हतं! तो केंद्रावरच्या ऑपरेटर वृषालीकडे वळला. "एवढी मदत कशाला लागली गं?"

"सर, मी ते बटण एकदाही दाबलं नाही."

"मग कुणी दाबलं?"

"डाव्या कोपऱ्यातलं व्हय?" चहा घेऊन आलेल्या, केंद्रावर झाडलोट करणाऱ्या गोजरबाई म्हणाल्या. "तिथं म्या नारळ ठिवला हुता."

खंडेनवमीला गोजरबाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि कीबोर्डवर नारळ टेकवला. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून वृषालीने त्या दिवशीचं दूध वहीत लिहिलं.

"अहो, पण निदान बंद तरी करायचा!"

"पूजेतल्या देवाला अंधारात ठिवू व्हय?"

सगळी बैठक खो खो हसायला लागली. तुषारला पुण्याची सोडलेली खुर्ची डोळ्यापुढे दिसली. कोंडीराम अण्णा मात्र हसले नाहीत.

"थांबा! सव्वीस तास नारळ उरावर हुता, तरी मशीन बंद पडलं न्हाई?"

"नाही अण्णा," वृषाली म्हणाली. "नारळ उचलला आणि लगेच काम सुरू. एक नोंद गेली नाही."

"मंग झालं की! आपली मानसं कितीबी आडदांड असली तरी सव्वीस तास बटण दाबून बसनार न्हाईत. द्या याला अकरा केंद्रं!"

तुषारला अण्णांच्या पायाच पडावंसं वाटलं. त्या आनंदात त्याने दोन्ही फ्लॉप्या पुढे केल्या. "अण्णा, मग यातली कुठली ठेवू?"

"त्या ठिव घरी! हर केंद्रावर आदी नारळ ठिवून बघायचा."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेला हा कॉम्प्युटरतज्ज्ञ संगमनेरच्या बाजारात एकेक नारळ हातात तोलून बघत होता. "अकरा द्या. चांगले वजनदार!"

"घरात लगीन हाय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो," तुषार हळूच म्हणाला, "सॉफ्टवेअर तपासायचंय."