वाघाच्या हातातलं घड्याळ

रखमाजीच्या थोरल्या लेकीचं, बेबीनंदाचं लग्न झालं ते साल एक्क्याण्णव. माघात लग्न झालं आणि त्याच वर्षी वैशाख अधिक आला. म्हणजे अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत जावयाचं पहिलं धोंडं दारात येऊन उभं राहिलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे, हे आष्टीत गरिबातला गरीबही चुकवत नाही. पण रखमाजीला यंदा त्याची घाई झाली होती ती दुसऱ्याच कारणानं.

लग्नात एक घोटाळा झाला होता. व्याही रामराव म्हणजे भोकरदनकडचे शांत, चष्मेवाले गृहस्थ. ते हात धुवायला मागं गेले आणि तेवढ्यात पहिली पंगत भरली. नवरदेवाचा बाप दुसऱ्या पंगतीला बसला. तोवर बुंदी संपली होती आणि वरणात दोन घागरी पाणी पडलं होतं. रामराव काही बोलले नाहीत. विहीणबाई द्वारकाबाई मात्र बोलल्या, आणि तेव्हापासून रोज बोलत होत्या. बेबीनंदानं चुलीवर वरण ठेवलं की त्या म्हणायच्या, "पातळ करू नको गं बाई. आमच्या नशिबी एकदा आलं तेवढं बास झालं."

लेकीनं हे आईला सांगितलं, आईनं, म्हणजे सगुणाबाईनं, रखमाजीला सांगितलं, आणि रखमाजीची झोप उडाली. या धोंड्याला नुसत्या जावयाला नाही, तर व्याही-विहिणींनाही बोलवायचं आणि असा पाहुणचार करायचा की ती पंगत पुसून गेली पाहिजे, असं त्यानं ठरवलं.

"नुसत्या जेवणानं न्हाई भागायचं," चुलतभाऊ कचरू म्हणाला. हा दर बाजाराला परतूरला जायचा, म्हणून त्याला जगाचं कळतं असं सगळे धरून चालायचे. "परतूरला पिक्चर दाखव. 'कुंकवाचा वाघ' येऊन राह्यलाय. कौटुंबिक हाय, धार्मिक हाय, अन् वरून वाघबी हाय."

"तू पाह्यला का?"

"पाहायची काय गरज? पोस्टर पाह्यलं ना."

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून सगळे एसटीनं परतूरला गेले. रखमाजी आनंदानं नुसता उडत होता. सगळ्यांची तिकिटं त्यानं स्वतः काढली, रामरावांसाठी खुर्ची आपल्या उपरण्यानं झटकली. टॉकीजच्या दारात मोठं पोस्टर होतं. बाईच्या कपाळाला वाघ कुंकू लावतोय, आणि वाघाच्या पोटावरून तांबडी पट्टी आडवी चिकटवलेली. तिच्यावर काहीतरी अक्षरं होती. रखमाजीला वाचता येत नव्हतं. त्याला वाटलं, वाघ पाळीव आहे म्हणून पट्टा बांधला असेल. रामरावांनी मात्र चष्मा पुसून पोस्टर वरपासून खालपर्यंत कोर्टाची नोटीस वाचावी तसं वाचलं.

पिक्चर सुरू झाला आणि दहा मिनिटांत रखमाजीला घाम फुटला. नायकाचं नाव व्याघ्रराज. तो लग्नाच्या मांडवातच मेला आणि बायकोचं कुंकू राखायला वाघ होऊन परत आला. वाघ म्हणजे कातडं पांघरलेला माणूस, हे आंधळ्यालाही दिसत होतं, कारण पळताना त्याची शेपटी त्याच्याच पायात येत होती. तो कुंकू लावायला पंजा उचलायचा आणि पंजावर मनगटी घड्याळ चमकायचं. घड्याळात साडेदहा वाजलेले. नंतर पेटीतली रिळं चढवताना मशीनवाल्यानं काय केलं देव जाणे, पण जिची तिरडी निघाली होती ती सासू पुढच्याच प्रसंगात जात्यावर बसून गाणं म्हणू लागली. मग वाघानं आणि नायिकेनं झोक्यावर गाणं म्हटलं. मग वाघ कोर्टात गेला.

"अहो," सगुणाबाई कानाशी लागली, "ह्यो वाघ साक्ष देऊन राह्यला का?"

"गप बस. इवाई बघतेत."

रामराव खरोखरच बघत होते, पण पडद्याकडं नाही. रखमाजीनं जेव्हा जेव्हा चोरून नजर वळवली तेव्हा तेव्हा ते त्याच्याकडंच टक लावून बसलेले दिसले. मधूनच उपरण्यानं डोळे पुसत होते. रखमाजीला वाटलं, गेलं. पंगत परवडली असती, आता पोरीला जन्मभर हा वाघ ऐकावा लागणार.

तीन तासांनी सगळे बाहेर आले. जावई मच्छिंद्र उगाच बुटाची नाडी बांधत बसला. शेवटी रखमाजीनंच धीर केला.

"इवाई, कसा वाटला?"

पाहुणचाराला नाव ठेवायचं नाही ही रीत. रामराव म्हणाले, "जोरदार. असा पिक्चर जन्मात पाह्यला न्हाई."

आता इथं रखमाजीनं गप्प बसायला हवं होतं. पण सुटल्याच्या आनंदात माणसाला भान राहत नाही. त्याला वाटलं, आपण पाहुण्यांना न बघताच कुठंतरी आणून बसवलं असं दिसायला नको.

"मंग? म्या तर आधी दोनदा पाह्यला. पारखून घेतला, अन् मंगच तुम्हाला आणलं."

सगुणाबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं की जणू तोच वाघ. रामरावांनी एकवार पोस्टरकडं पाहिलं, एकवार रखमाजीकडं.

"दोनदा?"

"दोनदा."

"बराबर हाय. चीजच तशी हाय," रामराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे पुसले.

ज्येष्ठात पोस्टकार्ड आलं. कचरूनं ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. "आपल्या आवडीचा पिक्चर भोकरदनला आला आहे. आपण उभयतांनी जरूर यावे. मधल्या रांगेतल्या जागा धरून ठेवल्या आहेत."

"आता?" रखमाजी म्हणाला.

"आता काय?" सगुणाबाई म्हणाली. "खोटं तुम्ही बोलले अन् वाघापुढं मला बसवून राह्यले."

नाही म्हणायची सोय नव्हती. व्याह्यानं मानानं बोलावलेलं, आणि तेही आवडीच्या पिक्चरला. भोकरदनला रामरावांनी रखमाजीला मधोमध बसवलं, स्वतः शेजारी बसले. झोक्यावरचं गाणं संपलं तसे ते उठून मागं गेले आणि मशीनवाल्याला सांगून तेच गाणं पुन्हा लावून आले. "खास तुमच्यासाठी," असं कानात म्हणाले. रखमाजीनं मान डोलावली. शेजारच्या रांगेतला एक माणूस शिव्या देत उठून गेला. रखमाजीला त्याचा हेवा वाटला.

आष्टीला परतल्यावर कचरूला तो म्हणाला, "आता बास. खरं काय ते इवायांना सांगून टाकतो." पण पंचमीला बेबीनंदा माहेरी आली. गाल भरले होते, हातात नव्या बांगड्या होत्या. बापाला म्हणाली,

"दादा, तुम्ही काय जादू केली वो? सासऱ्यांसमोर तुमचं नाव निघालं की ते एकटेच हसत बसतेत. अन् सासूबाईंनी पंगतीचं नावच सोडलं. म्हणल्या, तुझ्या बापासारखा हौशी माणूस न्हाई. वाईट पिक्चर दोनदा," तिनं जीभ चावली, "हां, चांगला पिक्चर दोनदा पाहून मंग पाव्हण्यांना नेतो."

झालं. पोरीचं सुख त्या वाघाच्या शेपटीला बांधलं गेलं. रखमाजीनं तोंड शिवून घेतलं. आता बोलावण्याची पाळी त्याची होती. दिवाळीनंतर पिक्चरची ती पेटी जालन्याला आली, तेव्हा त्यानं आपण होऊन व्याह्यांना बोलावलं आणि तिसऱ्यांदा तो वाघ पाहिला. या खेपेला सासू वेळेवर मेली, एवढाच फरक. कोर्टाचा प्रसंग यायच्या आधी सगुणाबाई झोपली. रखमाजीला ती सवलत नव्हती, कारण रामराव शेजारून त्याच्या तोंडाकडं बघत होते.

पुढच्या चैत्रात बेबीनंदाला मुलगा झाला. बारसं आष्टीत. रखमाजीनं या वेळी आधी रामरावांना पाटावर बसवलं आणि ते बसल्यावरच पंगत मांडली. वरण असं घट्ट की पळी उभी राहावी. सगळं देखणं चाललं होतं, तेवढ्यात रामरावांनी जीपमधून एक रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर उतरवला.

"जालन्यातली चार दुकानं पालथी घातली, तेव्हा कॅसेट भेटली," ते म्हणाले. "पाळण्यासमोरच लावा. नातवाच्या कानावर पडू द्या."

पिक्चर लागला. गाव जमा झालं. पाळण्याची दोरी द्वारकाबाईंच्या हातात, नाव सांगायला मच्छिंद्रची बहीण पाळण्याशी वाकलेली. रामरावांनी हात वर केला.

"एक मिनिट. नाव आम्ही घरातच ठरवलंय. इवायांच्या आवडीचं नाव. व्याघ्रराज."

रखमाजीनं पाळण्यात पाहिलं. मूठभर पोर, तोंडात अंगठा घालून पडलेलं. ते शाळेत उभं आहे, मास्तर हजेरी घेत आहेत, व्याघ्रराज मच्छिंद्र, आणि सगळा वर्ग डरकाळ्या फोडतोय, असं त्याला लख्ख दिसलं. बेबीनंदा ओठ चावून खाली बघत होती. त्याच वेळी टीव्हीवर वाघानं पंजा उचलला.

"थांबा," रखमाजी म्हणाला. "इवाई, मला काय व्हायची ती सजा होऊ द्या, पण लेकराला ती नको. ह्यो पिक्चर बिलकुल भंगार हाय. पृथ्वीच्या पाठीवर ह्याच्याइतका भंगार पिक्चर झाला न्हाई. ते बघा, वाघाच्या हातात घड्याळ हाय. जनमतो तेव्हा साडेदहा, कोर्टात जातो तेव्हा साडेदहा, मरतो तेव्हाबी साडेदहा. किल्लीसुद्धा दिली न्हाई हो कोणी त्याला."

मग द्वारकाबाईंनी दोरी सोडली आणि पदर तोंडात कोंबला.

"बाई बाई बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं ते घड्याळ मलाच दिसून राह्यलं. म्हणलं, मोतीबिंदू झाला का काय."

मग जो तो सुटला. मच्छिंद्र म्हणाला की जालन्याला तो टॉकीजच्या संडासात लपून बसला होता. बहीण म्हणाली की ती बसली नसती, पण वहिनीच्या माहेरचा मान होता. हसून हसून माणसं भिंतीला टेकली. फक्त रामराव चष्म्याआडून शांत बघत होते.

"पण इवाई," ते म्हणाले, "एवढा भंगार होता, तर तुम्ही आधी दोनदा कशाला पाह्यला?"

रखमाजीनं द्वारकाबाईंकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. न बघताच आणलं होतं असं म्हणावं, तर व्याह्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं होणार, आणि मिटलेली दुसरी पंगत पुन्हा उठणार.

"पहिल्या दोन वेळी," तो म्हणाला, "घड्याळ दिसलं न्हवतं."

पोराचं नाव कैलास ठेवलं.

त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं रामरावांनी त्याला सोडलं नाही. लग्न असो, मयत असो, एसटी स्टँडवरची भेट असो, लांबून हाक यायची, "काय इवाई, किती वाजले?" आणि रखमाजी म्हणायचा, "साडेदहा." अनोळखी माणसापुढं रामराव ओळख करून द्यायचे, "हे आमचे इवाई. ह्यांनी तो पिक्चर मुद्दाम दोनदा पाह्यलाय." दर खेपेला खरं रखमाजीच्या ओठावर यायचं आणि दर खेपेला तो ते गिळायचा.

रामराव गेले, तेव्हा दहाव्याला रखमाजी नदीवर हजर होता. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर सात-आठ कावळे बसलेले, एक खाली उतरेना. मच्छिंद्र म्हणाला, "आईला संभाळीन." कावळे गप्प. भावकीतला एक म्हणाला, "बांधाचं मिटवून टाकू." एक कावळा नुसता पंख खाजवून बसला. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले.

तेव्हा रखमाजी पुढं झाला, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "इवाई, म्या आधी दोनदा पाह्यला न्हवता. तुमच्यासंग बसलो तेच पह्यल्यांदा."

कावळा असा उतरला की भटजींना टोपी सावरावी लागली.

नदीवरून रामरावांच्या घरी आल्यावर त्यानं द्वारकाबाईंपुढं बसून हे सांगितलं.

"इवाई, त्यांना ते पह्यल्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या पोस्टरवर तांबडी पट्टी न्हवती का? तिच्यावर 'आजपासून' असं लिहिलेलं होतं. आजपासून लागलेला पिक्चर माणूस आधी दोनदा कुठून पाहणार? मला त्यांनी बारशाहून येताना जीपमधी सांगितलं. म्हणले, दुसऱ्या पंगतीची फेड करून राह्यलो."

रखमाजी म्हणाला, "पण त्यांनीबी तर चार वेळा पाह्यला की."

"म्याबी तेच म्हणलं. तर म्हणले, पिक्चर कोण बघतो? म्या तर इवायाचं तोंड बघत बसतो. तेवढी करमणूक कुठल्या टॉकीजात न्हाई." त्यांनी पदरानं डोळे पुसले, अगदी रामराव पुसायचे तसेच. "जाताना सुद्धा भिंतीकडं बघून हसले. म्या वर पाह्यलं, तर घड्याळ."

रामराव दोन हजार तीन साली, फेब्रुवारीच्या चार तारखेला, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता वारले.