उजव्या नाकपुडीतली चमकी

रंगीत फोटो गाढवही काढतं, असं प्रशांतचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगायचा. "रंगीत फोटोत साडी दिसते. काळ्या-पांढऱ्यात माणूस दिसतो." ऑफिसातले लोक माना डोलवायचे आणि आपले रंगीत रोल धुवायला टाकायला निघून जायचे.

विश्रामबागेतल्या एका स्टुडिओवाल्याने रंगीतचा धंदा धरला, तेव्हा निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं त्याचं जुनं यंत्र अडगळीत गेलं होतं. प्रशांतने ते उचलून आणलं. घरच्या बाथरूममध्ये बसवलं, खिडकीला घोंगडं ठोकलं, लाल बल्ब लावला. त्या दिवसापासून आई रंगूबाई आणि बहीण अक्षता या दोघींना आंघोळीसाठी त्याची परवानगी लागू लागली.

अशात अक्षताला उंब्रजचं स्थळ आलं. पोरगा शिवतेज, सैन्यात. त्याची रजा संपत आलेली. आधी फोटो पाठवा, पसंत पडला तर बघायला येतो, असा निरोप. रजा संपली की पोरगा परत कधी येईल सांगता येत नव्हतं आणि अक्षताला हाच पोरगा आवडला होता. तिने त्याला मामाच्या लग्नात पाहिलेलं. घरात कुणाला बोलली नव्हती, पण फोटोचा विषय निघाला की तिच्या हातातला झारा थांबायचा.

"स्टुडिओत जा गं बाई. मागं तळं, हंस, समदं असतंय," रंगूबाई म्हणाली.

"हंस?" प्रशांत उखडला. "घरात कलावंत असताना हंस? मी काढतो."

काढला. गच्चीवर, उन्हाच्या तिरिपीत, तासभर मान वाकडी करायला लावून. मग बाथरूममध्ये कोंडून घेतलं आणि घाईघाईत निगेटिव्ह यंत्रात उलटी घातली. फोटो झक्क आला, फक्त डावीकडचं उजवीकडे गेलं. प्रशांत सावल्या बघत होता. चमकीकडे कोण बघतो?

उंब्रजमधली आक्काताई बघते. शिवतेजची आत्या. भाऊ हिंदुराव पोराचा बाप असला तरी घरातला हुकूम तिचा. तिचा निरोप आला: "पोरीची चमकी उजव्या नाकपुडीत हाय. कानडी लोक हाईसा काय? आन् पदर बी उजव्या खांद्यावर, म्हंजे गुजराती. एकदा काय ते नक्की कळवा."

आपल्याकडे अशा शंकेचं पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं नाकावरून मुलखावर येतात आणि मुलखावरून जातीवर. मिरजेत, जतला, थेट सीमेपलीकडे अथणीपर्यंत चौकशा सुरू झाल्या. रंगूबाईच्या माहेरचा एक म्हातारा घाबरून म्हणाला म्हणे, की आमची गाय तेवढी कानडी मुलखातली होती.

"चूक कबूल कर आन् मोकळा हो," अक्षता म्हणाली.

"चूक कसली? दुसरी प्रिंट काढतो."

दुसऱ्यांदा निगेटिव्ह सुलटी घातली. कागदावर उजेड पाडला, तोच रंगूबाईने दार बडवलं. "अरं, पाणी जातंय नळाचं. बादली तरी भरू दे." प्रशांतने दचकून यंत्राचा बल्ब मालवला. उजेड कमी पडला आणि फोटो पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा फिकट आला. अक्षता त्यात अशी गोरी दिसत होती की प्रशांतलाही ती ओळखायला वेळ लागला.

तो फाडणार होता. रंगूबाईने हिसकावून घेतला. "अरं, किती उजळ आलीया. ह्योच पाठीव."

"ही मी न्हाई," अक्षता म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. पोरीचा रंग म्हणजे आपल्याकडे सातबारा. आधी तो तपासायचा, मग पोरगी. त्यात खाडाखोड करायची वेळ आली तर आईच पुढे होते.

फोटो गेला आणि पावणे आलेच. आक्काताई, हिंदुराव आणि मागे कडक इस्त्रीतला शिवतेज. अक्षता पोहे घेऊन आली. सावळी, चमकी डाव्या नाकपुडीत, पदर डाव्या खांद्यावर. आक्काताईने पिशवीतून दोन्ही फोटो काढले, पोह्यांच्या ताटलीशेजारी मांडले आणि तिघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"रंगूबाई, तुमाला पोरी किती?"

"एकच की."

"मग ह्या तीन कुटनं आल्या? एक कानडी, एक गोरी आन् ही पवं घेऊन आलेली. फोटू धाकटीचा आन् गळ्यात थोरली बांधायचा धंदा हाय व्हय तुमचा?"

"आवं आक्का, एकच निगेटिव्ह आहे," प्रशांत तावातावाने आत गेला आणि पुरावा घेऊन आला. "ही घ्या. उजेडाकडं धरून बघा."

आक्काताईने खिडकीपाशी धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बसक्या आवाजात भावाला म्हणाली, "हिंदुराव, ही चौथी. केस पांढरं फेक आन् तोंड काळं ठिक्कर. म्हातारी बी खपवायला निघालीत."

हिंदुराव टोपी घालून उठला. शिवतेज उठला नाही. प्रशांतला पहिल्यांदा आपली चूक दिसली. कला वगैरे ठीक होतं, पण हे स्थळ त्याच्या बाथरूममधून वाहून चाललं होतं.

"तुमच्या डोळ्यादेखत फोटो काढून दाखवतो," तो म्हणाला. "तीच पोरगी निघाली नाही तर यंत्र रस्त्यावर फेकतो."

"चल," आक्काताईने पदर खोचला. "मी सोता बघणार."

बाथरूममध्ये आक्काताई पालथ्या बादलीवर बसली. हिंदुराव नळाला धरून उभा राहिला. पोरीचा मामला म्हणून रंगूबाईही घुसली. प्रशांतने दार लावलं आणि लाल बल्ब लावला.

"कसला वास म्हणायचा ह्यो," हिंदुराव नाकाला टोपी लावून म्हणाला. "ह्यात आंघोळ करता तुमी?"

"दार उघडायचं नाही. काही झालं तरी."

या वेळी प्रशांतने काहीच चुकवलं नाही. कागद ट्रेतल्या औषधाच्या पाण्यात बुडाला. आधी काहीच नाही. मग केस आले. मग डोळे. मग डाव्या नाकपुडीत चमकी उगवली. चौघेही ट्रेवर वाकले होते.

"तीच हाय की," आक्काताई म्हणाली. "पवंवाली." मग आणखी खाली वाकून, "सावळी हाय पर."

"आक्का," हिंदुराव म्हणाला, "तुझं लगीन ठरवायला आपला बा किती गावं फिरला, इसरलीस? ह्या उजेडात तर आपुन समदीच लाल दिसतुया."

लाल उजेडात आक्काताईने स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला. आणि एकदम दचकली.

"आरं, आपुन समदी हितं. भाईर पोरगा-पोरगी दोघंच हाईत की."

प्रशांत "नको" म्हणेपर्यंत तिने दार उघडलं. दुपारचं सगळं ऊन बाथरूममध्ये शिरलं. ट्रेमधली अक्षता बघता बघता काळी पडली, आणि कोऱ्या कागदांचं उघडं पाकीटही कामातून गेलं.

बाहेर दोघं समोरासमोर बसली होती. पोहे संपले होते. शिवतेजच्या हातात तो पहिला, उलटा फोटो होता आणि अक्षताने त्याच्यासमोर पावडरच्या डब्याचा आरसा धरला होता.

"आत्ती, ह्यो बघ," शिवतेज म्हणाला. "आरशात धरलं की चमकी डावीकडं. मी घरीच दाढीच्या आरशात बघितलं हुतं."

"मग बोलला का न्हाईस, मुडद्या?"

"मला कुणी इचारलं?"

"मी आरशात रोज अशीच दिसते," अक्षता म्हणाली. "दादानं काढलेल्यात हा एकच माझा वाटतो. त्यांनी हाच ठेवून घेतलाय. ठरलंय आमचं."

"कवा ठरलं?"

"तुमी बाथरूममध्ये होता तवा."

आक्काताई मटकन खुर्चीत बसली आणि तिने चहा मागितला. हिंदुरावने पोराला बाजूला घेऊन काही विचारलं, मान हलवली आणि परत येऊन घसा साफ केला. "आमचं देणंघेणं काय न्हाई. मानपान न्हाई. अट एकच. लग्नाचा फोटूवाला भाईरचा पायजे."

प्रशांतने आशेने बहिणीकडे पाहिलं.

"ती अट मीच घातलीया," अक्षता म्हणाली.

पुढच्या रजेत झालेल्या लग्नात प्रशांत रिकाम्या हाताने कसा उभा राहणार? तो फोटोवाल्याच्या दिव्याची वायर सांभाळत होता. अल्बममध्ये सप्तपदीच्या फोटोत एका कडेला त्याचं कोपर आलंय. रंगीत.