खालाचं गिम्नाझियम

मला पाच मिळाले तेव्हा मी खूष झालो होतो. दहापैकी पाच म्हणजे निम्मे, आणि निम्म्यावर खूष राहायची सवय मला शाळेपासूनच आहे. रात्री जेवताना बायकोलाही सांगितलं, "मैमुनाखालानं मला पाच दिले." नंतर कळलं की हे मार्क जर्मन पद्धतीचे: सहा म्हणजे नापास, पाच म्हणजे नापासाच्या उंबऱ्यावर, आणि एक म्हणजे उत्तम.

"हे कसलं उलटं गणित, खाला?" मी विचारलं.

"उलटं तुमचं हाय. भारी मान्साला आपल्याकडंबी एक नंबरच म्हणतात ना? मंग शंभर कशाला मोजायचे?"

पाच कशाबद्दल मिळाले तेही तिनं सांगितलं. तिला खोकल्याचं औषध देताना मी मोबाइलमध्ये बघत होतो.

तेव्हापासून कर्जतच्या आमच्या बाजारात कुणी सुटलेलं नाही. रस्त्याला सहा. नव्या पोहेवाल्याला तीन, "पन कांदा सुदारला तर दोन." पळसदरीच्या धरणाकडे जाता जाता बाजारात गाडी आडवी लावणाऱ्या पाहुण्यांना सहा, आणि तेही काचेवर टकटक करून तोंडावर. आजवर एक मिळाला तो माथेरानच्या एका घोड्याला, कारण उतारावर त्यानं खालाला पाडलं नाही. घोडेवाल्याला चार.

मैमुनाखालाचं मॅचिंग सेंटर माझ्या औषधांच्या दुकानाला लागून आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, बटणं. खाला म्हणजे मावशी, आणि तिचं माहेर खालापूरकडचं, म्हणून सगळा बाजार तिला खालापूरची खाला म्हणतो. ती माझ्या आईच्या बरोबरीची, माझ्या लहानपणापासूनची शेजारीण, म्हणून मी तिला अगंतुगं करतो आणि ती मला वाट्टेल ते करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी नाझिया जर्मनीत नर्स आहे, जावयाची नोकरी तिकडेच, आणि नात सना तिकडेच जन्मली. सना चौथी पास झाली तेव्हा तिला तिथल्या एका फार जुन्या शाळेत प्रवेश मिळाला. त्याच वेळी खाला व्हिसा देईल तेवढे दिवस लेकीकडे राहून आली. गेली तेव्हा ती बटणं विकणारी बाई होती. परत आली ती शाळेची विश्वस्त होऊन.

ती शाळा म्हणजे गिम्नाझियम. तिकडे चौथीनंतर पोरांची निवड होते. पुढे मोठ्या शिक्षणाला जातील असं मास्तरांना वाटतं ती पोरं गिम्नाझियममध्ये, बाकीची दुसऱ्या शाळांत. हे खालानं अख्ख्या बाजाराला समजावून सांगितलंय. तरी नाक्यावरच्या जिममधला पहिलवान येऊन विचारून गेलाच, "खाला, तिकडं जिममधे पोरांना काय देतात?"

"लॅटिन," खाला म्हणाली.

तो माझ्या दुकानात आला आणि लॅटिनचा डबा मागू लागला.

ज्या गावात ही शाळा आहे त्याचं नाव मी सांगू शकत नाही. ते उच्चारायला घशात खवखव असावी लागते, आणि खवखवीवर मी स्वतःच गोळ्या विकतो. पण शाळेचा इतिहास मला पाठ आहे. आमच्या दोन दुकानांमधली भिंत पातळ आहे.

"शाळा पयली बिनलग्नाच्या बुवांनी काडली," खाला फॉल मोजता मोजता सुरू करते. "पोरांनी खेळतानाबी लॅटिनच बोलायचं. आपल्या भाषेत शिवी दिली की छडी."

"मंग लॅटिनमधे शिव्या द्यायचे?" गिऱ्हाईक विचारतं.

"देनारच. शिकायला कायतरी कारन लागतं."

पुढे राजाला शाळा आवडली. त्यानं बुवांना घालवलं आणि मास्तर ठेवले. त्या हेडमास्तरांच्या तसबिरी अजून जिन्यात टांगल्यात. खालाच्या मते सगळ्यांचे चेहरे मूळव्याध झाल्यासारखे आहेत. मग लढाई, बॉम्ब, छप्पर जळालं, आणि काही काळ वर्ग बिअरच्या गोदामात भरले. "तवा मास्तर येळेवर यायचे," खाला म्हणते. एकदा कशेळ्याची एक बाई लेकीच्या लग्नाच्या साड्यांना फॉल घ्यायला आली होती. तिची जीप सुटायची वेळ झाली तरी बॉम्ब पडायचा बाकी होता. बाई उठली की खाला मोजलेला फॉल परत मोजायला घ्यायची. शेवटी जीपवाला आत आला आणि छप्पर जळेपर्यंत तोही थांबला.

पोरींना मात्र त्या शाळेनं शेकडो वर्षं दारात उभं केलं नाही. घेतलं ते अगदी अलीकडे, खालाच्या तरुणपणी. याबद्दल शाळेला चार. "सहाच देनार होते. पन सनाला घेतलं."

घेतलं खरं, पण सनाला लॅटिन जमेना. पाच, परत पाच. नाझिया पालकांच्या दिवशी मास्तरला भेटायला गेली तेव्हा खालाही सोबत होती. तिकडे प्रत्येक पालकाला थोडा वेळ देतात आणि वेळ संपला की मास्तर घड्याळ बघतो. मास्तर उंच, बारीक, तसबिरीत जायला तयार असलेला. तो म्हणाला, मुलगी चांगली आहे, पण ही शाळा बहुधा तिच्यासाठी नाही. नाझियानं ते आईला मराठीत सांगितलं. खालानं मास्तरकडे नीट बघितलं आणि त्याला चार बोटं दाखवली. तिला म्हणायचं होतं, तुला चार. त्याला वाटलं, आजी चार वाजता परत येणार आहेत. तो बिचारा चारला वर्गात वाट बघत बसला होता म्हणे. ही गोष्ट मी नाझियाकडून पडताळून घेतलेली नाही. खोटी निघाली तर मला वाईट वाटेल.

तिथून परतताना खाला सनाचं एक जुनं लॅटिनचं पुस्तक घेऊन आली. गिऱ्हाईक नसलं की भिंतीपलीकडून पाठांतर ऐकू यायचं. "अमो, अमास, अमात." म्हणजे मी प्रेम करते, तू करतेस, तो करतो. एकदा हे ऐकून एक म्हातारी पायरीवरच थबकली.

"आज अमावस हाय का गं? मंग ब्लाउजपीस उद्या नेते."

बाजारात सगळ्यांचं एकमत होतं की म्हातारीला जर्मनीची हवा लागली आहे. मीही त्या मतात होतो.

गेल्या नाताळच्या सुट्टीत नाझिया सनाला घेऊन आली. ती माझ्याकडे ओआरएस घ्यायला आली तेव्हा मी मोठेपणानं म्हणालो, "काय म्हणतं तुमचं गिम्नाझियम? राजानं बुवांना घालवलं तिथवर माझं पाठ आहे."

नाझियानं ओआरएसची पाकिटं काउंटरवर ठेवली. "विलासदादा, सनानं ती शाळा कधीच सोडली. आता ती दुसऱ्या शाळेत जाते, खुशीत आहे. लॅटिन नाहीच तिथं. अम्मीला माहिती आहे की."

ती गेल्यावर मी हिशेब जुळवू लागलो. सकाळीच भिंतीपलीकडून खाला एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "आमच्या शाळेत आता नवा जिना बांदतायत."

दुपारी मी पलीकडे गेलो आणि विचारलं, "खाला, सनानं शाळा सोडली?"

"तिनं सोडली," खाला लेस गुंडाळत म्हणाली. "मी नाय सोडली."

मग तिचं तिनंच सांगितलं. सनाला मराठी येत नाही. जेव, झोप, नको, एवढं कळतं. खालाला जर्मन येत नाही. पहिले काही दिवस दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसायच्या. हसून गाल दुखले की खाला उठून भजी तळायची. मग एके दिवशी सना लॅटिन घोकायला बसली, आणि खाला मटार सोलता सोलता तिच्यामागून म्हणू लागली.

"तिलाबी येत नव्हती, मलाबी येत नव्हती. बरोबरी झाली," खाला म्हणाली. "पानी दे, इकडं ये, फूल कुटं हाय, असं बोलायला लागलो आमी. शाळेच्या फाटकासमोर बाकडा हाय. शाळा सुटली की तिथं बसून बोलायचो. येनारेजानारे बगायचे. ते बुवा मेल्यापासून तिथं लॅटिन कोन बोलतंय? मंग शाळा बदलली. आता फोनवर हाय नानी, बाय नानी."

त्या आठवड्यात मी भिंतीला कान लावून बसलो होतो, हे कबूल करायला मला लाज नाही. सनाच्या डोक्यात जेवढी लॅटिन उरली होती तेवढी ती दुकानात काढत होती.

"क्विड एस्ट?" म्हणजे हे काय आहे?

"बटण."

"बटण लॅटिन नाही," अशा अर्थाचं सना काहीतरी म्हणायची आणि हसायची. मग ती ब्लाउजपीस उचलून रंग विचारायची.

"रुब्रा?" म्हणजे लाल का?

"नॉन रुब्रा. राणी." मग खाला भिंतीकडे तोंड करून मला सांगायची, "ऐकलंस का रं विलास, ह्यांच्या लॅटिनमधे राणी कलरच नाय. एवडी वर्षं शाळेत करत काय होते?"

जायच्या दिवशी दुपारी गाडी आली. चालवणारा आमच्याच गल्लीतला माने. सामान चढवलं, नाझिया आईच्या गळ्यात पडून रडली आणि पुढे बसली. सना मागे बसली होती, काच खाली केलेली. खाला काचेशी वाकली आणि हळूच म्हणाली, "माने."

"काय खाला?" मानेनं मागे वळून विचारलं.

"तुला नाय रं."

ती सनाकडेच बघत होती. पुन्हा म्हणाली, "माने." सनानं तिचा हात धरला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग नुसती मान हलवली, आडवी. गाडी गेली.

मी विचारलं, "माने म्हणजे काय गं?"

"माने म्हंजे ऱ्हा. जाऊ नको."

"तिला कळलं?"

"कळलं. तिनंच शिकवलंय."

खाला दुकानात गेली आणि गुंडाळलेली लेस सोडून परत गुंडाळायला लागली. माझ्या काउंटरवर कुणीतरी हाका मारत होतं. मी वळलो.

"बस रं जरा," खाला म्हणाली.

मी बसलो.