उदाहरणार्थ, व्यंकटराव

कुरुंद्यात इंग्रजी शिकवणारे चार जण आहेत, पण पोरांच्या डोक्यात इंग्रजी कायमचं बसवणारा एकच, आणि तो मी! हसू नका, माझ्या क्लासच्या पाटीवरही तसंच लिहिलं होतं. त्यातला ‘होतं’ हा शब्द जरा लक्षात ठेवा.

माझी पद्धत अगदी साधी. बाकीचे मास्तर उदाहरणं देतात ती जॉनची आणि मेरीची. आता तुम्हीच सांगा, कुरुंद्यात जॉन कोण? त्यानं सफरचंद खाल्लं काय नि टाकून दिलं काय, आमच्या पोरांना त्याचं काय पडलंय! म्हणून माझी उदाहरणं गावातली. माणूस ओळखीचा असला की क्रियापद आपोआप ध्यानात राहतं, असं माझं स्पष्ट मत होतं. (इथंही ‘होतं’.)

क्लास भरायचा व्यंकटरावांच्या हॉटेलवरच्या माळ्यावर. खाली भजी, वर व्याकरण आणि मध्ये नुसत्या लाकडी फळ्या. ही खोली एका मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या डोळ्यात भरली होती. व्यंकटरावांनी मला आधीच बजावलं होतं, ‘‘सर, तुमची पोरं खाली चहा पिऊन राहिली म्हणून तुमाला ठेवलं. पर माझ्या धंद्याला तकलीफ झाली की त्याच दिवशी खोली मोबाईलवाल्याची! मग मला बोल लावू नका.’’

दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. सत्तावीस पोरं घेऊन मी कुठं जाणार? माझ्या घरी दीड खोली, त्यातल्या अर्ध्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. म्हणून मी अगदी जपून वागत होतो. जिनासुद्धा पाय न वाजवता चढायचो.

आणि एका मंगळवारी धड्यात आलं ते क्रियाविशेषण. पर्मनंटली!

मी रंगात आलो. ‘‘पोरांनो, हा शब्द मोठा निवडक आहे! याचं सगळ्याच क्रियापदांशी जमत नाही. दुकान पर्मनंटली बंद होतं, माणूस पर्मनंटली दुसऱ्या गावी जातो, वस्तू पर्मनंटली बिघडते. एकदा झालं आणि मग तसंच राहिलं, अशा क्रियापदाशीच याची सोयरीक! पर्मनंटली शिंकला, असं होत नाही. आणि याची बसायची जागाही ठरलेली. हॅज आणि क्रियापद यांच्या मधोमध!’’

‘मधोमध’ म्हणताना माझा पाय जोरात आपटला. लगेच खालून झाडूच्या दांड्याचे दोन ठोके आणि व्यंकटरावांचा आवाज, ‘‘सर, हळू! चहात माती पडून राहिली!’’

एवढं शिकवून वाक्यं लिहायला सांगितली, तर सत्तावीसपैकी नऊ जणांनी लिहिलं, ‘मी पर्मनंटली जेवलो.’ उरलेल्यांनी त्यांचं बघून लिहिलं.

मी हार मानणारा नाही. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर आधी एक मेसेज टाकला, ‘आजचा धडा : पर्मनंटली. खालील वाक्ये पाठ करणे.’ मग दुसऱ्या मेसेजमध्ये तीन वाक्यं, पालकांनाही कळावीत म्हणून मराठी अर्थासकट. पहिलं, ‘व्यंकटरावांनी हॉटेल कायमचं बंद केलं आहे.’ दुसरं, ‘आशाबाई कायमच्या पुण्याला राहायला गेल्या आहेत.’ आशाबाई म्हणजे व्यंकटरावांच्या मंडळी, हॉटेलात भजी तळतात. तिसरं, ‘चौकातला दिवा कायमचा बिघडला आहे.’

तिसरं खरं होतं. तिथंच घात झाला! दिवा खरा म्हटल्यावर वरची दोन खोटी कोण मानणार? शिवाय ‘आजचा धडा’ हा मेसेज आमच्या ग्रुपवरच बसून राहिला आणि दुसरा निघाला गावाला. आमच्या ग्रुपवरून बचत गटात, तिथून भजनी मंडळात. माझं जेवण उरकेपर्यंत तो डोंगरकड्याला, आशाबाईंच्या माहेरी पोहोचला होता.

सकाळी सातला क्लासला आलो तर हॉटेलची भट्टी थंड. चार गिऱ्हाईकं लांबूनच हळहळत उभी. व्यंकटराव फोन स्पीकरवर लावून दूधवाल्या खेमावर ओरडत होते.

‘‘खेमा, दूध काहून न्हाई आलं रे?’’

‘‘मालक, हॉटेल बंद झालं म्हनून सगळं दूध वसमतच्या गाडीत घातलं. तुमाला फोन करनार होतो, पर म्हनलं, एवढ्या दुःखात माणसाला काय इचारावं!’’

‘‘कसलं दुःख?’’

‘‘वहिनी गेल्या न्हवं,’’ खेमा हुंदका आवरून म्हणाला, ‘‘पुन्याला!’’

वहिनी बेसनाच्या हातानं दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

मी सगळं कबूल केलं. ‘‘व्यंकटराव, माझी चूक. पण काळजी करू नका, आत्ता दुरुस्ती टाकतो!’’ आणि तिथंच उभ्या उभ्या टाकली. पण मास्तरकी नसानसांत भिनलेली! सरळ ‘ती उदाहरणं होती’ असं लिहायचं सोडून मी त्या वाक्यांचे नकार करून टाकले. ‘व्यंकटरावांनी हॉटेल कायमचं बंद केलेलं नाही. आशाबाई कायमच्या पुण्याला राहायला गेलेल्या नाहीत.’

पाच मिनिटांत शिरड शहापूरहून फोन. रविवारच्या साखरपुड्याची बुंदी व्यंकटरावांकडे सांगितलेली होती. ‘‘कायमचं न्हाई म्हनता, मंग किती दिवस बंद हाय? आमी दुसरीकडं सांगून टाकलं बरं का!’’ मागोमाग दुसरा फोन, ‘‘कायमच्या न्हाई, तर वहिनी कधीपावतर येनार हायत? तोवर जेवायला आमच्याकडं येत जा.’’ मोबाईलवाला तर टेप घेऊनच आला. वरची खोली राहू द्या म्हणाला, आता खालचंच मापून घेतो!

एवढ्यात डोंगरकड्याची जीप येऊन थांबली. आशाबाईंचा धाकटा भाऊ विजयकुमार तीन माणसं घेऊन उतरला.

‘‘दाजी, आमची बहीण कुठाय?’’

‘‘आत बेसन कालवून राहिली.’’

‘‘पुन्यात?’’

‘‘अरे, हितं! सैपाकघरात!’’

आशाबाई बाहेर आल्या. विजयकुमारचा राग एकदम उतरला. ‘‘आक्का, तू गेलीच न्हाईस व्हय?’’ तो म्हणाला, आणि मला वाटलं, सुटलो! पण आशाबाईंनी हात पदराला पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

‘‘बावीस वर्सं झाली, पुनं दाखवतो, पुनं दाखवतो म्हनून राहिले. एकदा तरी नेलं का? साऱ्या गावानं मला पुन्याला धाडलं, आन् मी हितं कांदे चिरून राहिले! विजू, जीप वळव.’’

‘‘डोंगरकड्याला व्हय, आक्का?’’

‘‘पुन्याला!’’

विजयकुमारनं घड्याळ पाहिलं, डिझेल पाहिलं, बहिणीचं तोंड पाहिलं आणि जीप वळवली. दूध नाही, भजीवाली नाही, बुंदीची ऑर्डर नाही. व्यंकटरावांनी हॉटेलचं शटर ओढून घेतलं. माझी तिन्ही उदाहरणं आता खरी झाली होती!

मी हळूच वर सटकलो आणि पोरांना वाचन दिलं. मागून जिना वाजला. व्यंकटराव आत आले, फळ्याजवळ गेले आणि त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. ‘‘सर, लई उदाहरनं दिलीत. आता एक माझं घ्या.’’

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत इंग्रजीत लिहिलं, ‘सोमेश्वर सर हॅज पर्मनंटली लेफ्ट धिस रूम.’

मी वाचलं. पुन्हा वाचलं. एकही चूक नाही! हॅज आणि लेफ्टच्या बरोब्बर मधोमध पर्मनंटली! खरं सांगतो, मला भरून आलं. सत्तावीस पोरांना जमलं नाही ते हा माणूस लिहून गेला होता.

‘‘व्यंकटराव, तुम्ही हे शिकलात कुठं?’’

‘‘वर्सभर वरूनच पडून राहिलंय की,’’ ते म्हणाले, ‘‘मातीसंगं.’’

सवयीनं माझा हात गेला आणि मी त्या वाक्यापुढे दहापैकी दहा लिहिले. मग खाली जाऊन पाटी उतरवली.

आशाबाई आठ दिवसांनी परत आल्या, पुणं बघून, खुशीत. हॉटेल पुन्हा जोरात चालू आहे. वरच्या खोलीत मोबाईलवाला बसतो. माझा क्लास आता घरीच भरतो, अर्धी पोरं खोलीत, अर्धी ओट्यावर. कोमलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मशीन कोपऱ्यात सरकवून जागा करून दिली. अट एकच, तिचं नाव उदाहरणात येता कामा नये.

मीही शहाणा झालोय. आता उदाहरणात फक्त जॉन! परवा उजळणीला फळ्यावर लिहिलं, जॉन पर्मनंटली पुण्याला राहायला गेला आहे. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला.

‘‘सर, आशाकाकूंची त्याची भेट झाली का तिथं?’’

तो धडा मी ग्रुपवर टाकलेला नाही. तुम्हीही कुठं टाकू नका!