उषाबाईंच्या बॅनरवरची मोकळी जागा

बॅनर वर चढला आणि तीर्थपुरीच्या बाजारात येणारा-जाणारा थबकून माना वर करू लागला. पांढऱ्याशुभ्र बॅनरच्या मधोमध एकच लालभडक मिरची, तिच्याखाली ‘उषाबाई मसाला कांडप’. बस्स! बाकी सगळं मैदान मोकळं.

“शाई सरली वाटतं,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

शिडी धरून उभ्या असलेल्या आकांक्षाला मात्र आनंदानं नाचावंसं वाटत होतं. पुण्याच्या कंपनीनं ‘तुमचं काम फार छान आहे’ असं सांगून तिला नोकरीवरून काढलं होतं. दुसरी एखादी तोंड पाडून बसली असती. हिनं घरी येताच आईच्या डाळींच्या डब्यांवर चित्रं काढली, अप्पांचा पाण्याचा पंप रंगवला, आणि आता महेमूदचाचांच्या बॅनरच्या दुकानातून हे पहिलं काम मिळवलं होतं. कल्याणमामांनी मात्र आधीच बजावलं होतं, “ह्यो एक बॅनर कर. जमला तर ठीक, न्हाई तर सोमवारपासून माझ्या खताच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं.”

तेवढ्यात उषाबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या, वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“आकांक्षे, गावात माझं कुणीच न्हाई व्हय गं?”

“काकू, ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय. नजर कशी थेट मिरचीवर जाते.”

“नजर गेली मिरचीवर, अन् माणसं चाल्ली घराकडं! त्याचं काय?”

खरंच होतं ते. आपल्याकडं शुभेच्छुकांच्या फोटोंशिवाय बॅनर म्हणजे वऱ्हाडाशिवाय लग्न. उषाबाईंनी साऱ्या भावकीचे फोटो मागून आणून दिले होते आणि या बाईसाहेबांनी ते एकजात वगळले होते! उषाबाईंची जाऊ बेबीनंदा पदर खोचून निघालीच होती. “फोटोसाठी नवं लुगडं नेसून स्टुडिओत गेल्ते मी! आता नकोशी झाले व्हय?” तिच्या मागोमाग शेजारच्या कांताबाईही वळल्या. कांडपाचं उद्घाटन होण्याआधीच गिऱ्हाईक निघालं की हो!

उषाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आपल्या हौसेपायी या बाईचा सण नासला, हे आकांक्षाला फार लागलं. गल्ल्यावर बसायची तिची तयारी होती, पण असं नको. तेवढ्यात तिला नव्या घराच्या भिंतीवर उमटवलेले कुंकवाचे हात आठवले.

“थांबा!” ती ओरडली. “ती जागा तुमच्यासाठीच सोडलीय! काकी, फोटो काय, कुणीबी लावतंय. तुम्ही सोताच्या हातानं शुभेच्छा द्या!”

बेबीनंदा थांबली. “पयला हात कुणाचा?”

“तुमचाच!”

मग काय विचारता! बॅनर खाली उतरला. उषाबाई जावेची समजूत काढत होत्या, तोवर आकांक्षा लाल रंग आणायला आत पळाली. मशीनपुढं पूजेची दोन ताटं होती. एकातलं कुंकू तिला जरा गुलाबी वाटलं. दुसऱ्यातला लाल मात्र, अहाहा, हुबेहूब बॅनरवरच्या मिरचीचा! डिझायनरचा डोळा तो, राहतोय थोडाच? तिनं त्यात पाणी ओतलं आणि चमच्यानं कालवलं. खरं तर नाकाला कळायला हवं होतं, पण सकाळपासून गिरणीत सगळ्यांचीच नाकं बधिर झाली होती.

बेबीनंदानं मानानं पहिला पंजा उमटवला. मग कांताबाई, मग महेमूदचाचा आणि त्यांची बायको चाँदबी. शेवटी कल्याणमामांनी बाही सारून सगळ्यात वर हात मारला, आणि त्याच हातानं ऐटीत मिशीला पीळ दिला. वर घाम आला म्हणून डोळाही पुसला.

“आयो! मेलो, मेलो!”

“माझाबी हात भगभग करून राह्यला!” बेबीनंदा तळव्यावर फुंकर घालू लागली.

उषाबाईंनी ताट हुंगलं. “अगं बया! ही तर माझी मिरची! पयल्या दळणाची!”

अख्खी मंडळी समोरच्या हॉटेलात धावली. हॉटेलवाल्यानं ताकाची बादली पुढं केली आणि भावकी, शेजारी, रुसलेले, फुगलेले, सगळ्यांचे हात एकाच बादलीत बुडाले. आधी चाँदबी हसली, मग बेबीनंदा, आणि मग कुणालाच आवरेना.

“उषा, तेरी मिरची में दम है!” चाँदबी म्हणाली.

“माझी वर्साची मिरची इथंच कांडणार,” कांताबाईंनी जाहीर केलं. उषाबाई पुन्हा डोळे पुसत होत्या, पण या खेपेला हसून हसून.

आकांक्षा भीत भीत मामांजवळ गेली. “मामा, चुकलं माझं. सोमवारी किती वाजता येऊ?”

“कुठं?”

“दुकानात.”

मामा दोन पावलं मागं सरले. “बिलकुल न्हाई! तुझा हात युरियाला लागला तर तालुक्याची पिकं जळतील! तू आपली बॅनरच कर, माय!”

संध्याकाळी हातांचा बॅनर पुन्हा चढला. त्याखाली लोक आपापला पंजा शोधत उभे होते. आकांक्षा महेमूदचाचांच्या दुकानात कम्प्युटर बंद करत होती, तोच एक डोळा मिटलेले मामा दारात उभे राहिले.

“माझ्या दुकानाचा एक बॅनर करायचाय.”

“शुभेच्छुक कोण कोण घ्यायचे, मामा?”

“एकबी नको. बराबर तुझ्यासारखी मोकळी जागा सोड.”

आकांक्षाला आभाळ ठेंगणं झालं. “आणि मधे काय टाकू? एखादं कणीस?”

“माझा फोटो,” मामा म्हणाले. “सगळी मोकळी जागा भरंल एवढा मोठा. अन् जुना घे, दोन्ही डोळे उघडे असलेला.”